दहावा बिल्ला

कवठखेड, ता. भातकुली
९ जुलै २००६

प्रिय अय्युब,

नमस्कार. आषाढ आला की तुला बिल्ल्यांचं पत्र लिहायचं, हा आपल्या दोघांचा सणच झाला आहे. येत्या शनिवारी शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आहे. आपल्या वेळी तू पाणीमंत्री होतास. तुझा पुठ्ठ्याचा बिल्ला पहिल्याच दिवशी माठात पडून विरघळला आणि तू रडत म्हणालास, "मी शिंपी झालो का कापडाचे बिल्ले शिवीन." शिंपी झालास आणि शब्दही पाळलास. अकोल्यात जठारपेठेत दुकान टाकून वीस वर्षं झाली, पण एक वर्ष पार्सल चुकलं नाही.

दरवर्षी नऊ बिल्ले असतात. यंदा दहा हवेत. दहाव्यावर 'सलोखा मंत्री' अशी अक्षरं घाल.

सांगतो. हवा बरी नाही. पोरांच्या हातात कुठली कुठली पत्रकं येतात, सीड्या येतात. कापसानं लोकांचं कंबरडं मोडलं आहे. घरात बाप बोलत नाही आणि पोरगं बाहेर जो बोलेल त्याचं ऐकतं. आमचे मुख्याध्यापक केशवराव सभेत म्हणाले, "एखादं पोरगं धर्माच्या नावाखाली वाहवत गेलं, त आपल्याले कळते कवा? पेपरात आल्यावर!" मग मीच सुचवलं की हे काम पोरांच्याच मंत्रिमंडळाकडे द्यावं. पोरांचं पोरांनाच आधी कळतं. एक सलोखा वही ठेवू, सलोखा मंत्री त्यात लिहील.

तुझा भाचा फरदीन आणि माझा नितेश दोघं दहावीत आले. हजेरीत खान आणि खारोडे लागोपाठ, म्हणून पाचवीपासून एकाच बाकावर आहेत. जाकिर गेल्यापासून फरदीन अबोल झाला आहे, पण बापानंतरचं पोर असंच असतं. तुझी बहीण हलीमाबी भेटते. तिला सांगितलंय, दहावीपर्यंत हे पोर माझं.

वहिनींना नमस्कार.

तुझा
शालिकराम


जठारपेठ, अकोला
२० जुलै २००६

शालिक मास्तर, सलाम.

पार्सल टाकलं. दहाही बिल्ले आहेत, मोजून घे. तुह्या दहाव्यानं मले दोन दिवस बसवलं. नवावर पिवळा धागा असते. सलोख्याले कोणता घ्यावा? हिरवा घेतला त लोक म्हनतीन अय्युबनं आपला घेतला. भगवा घेतला त म्हनतीन मास्तरले खूश केलं. शेवटी पांढऱ्या कापडावर पांढराच घेतला. जवळ गेल्याबिगर अक्षर दिसत नाई. सलोखा असाच असते म्हना.

एक इचारतो. शाळा सोडून तीस वर्षं झाले म्हनून अडानी समजू नको. वहीत नोंद कशाची ठेवणार? भांडनाची का पोराची? भांडन मिटलं का पान फाडता येते. पोराचं नाव एकदा लिवलं, मंग ते कोन फाडन?

फरदीनकडे पाहशीन. बहीन म्हनते पोरगं अर्धी भाकर ठेवून उठते. जाकिर दुसऱ्याच्या वावरात फवारा मारता मारता गेला, आता याले कापसाच्या पराटीचा वासबी सहन होत नाई. अन् गावात तर चहूकडे पराटीच.

बिल्ला कोनाच्या छातीवर गेला ते कळव. त्याले म्हना, पांढरं आहे, लवकर मळते.

अय्युब


कवठखेड
२७ ऑगस्ट २००६

प्रिय अय्युब,

बिल्ले फार सुरेख झाले. शपथविधीला सरपंच आले होते. पांढऱ्या बिल्ल्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सलोखा मंत्री झालेला मुलगा हुशार आहे, अक्षर मोत्यासारखं आहे. दर शनिवारी वही केशवरावांच्या टेबलावर जाते. तुझा प्रश्न मी त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, "नाव नसन त नोंद कायची?"

आता एक विचारायचं आहे, गैरसमज करून घेऊ नकोस. फरदीनची वहीत चारदा नोंद आली आहे. परिपाठाला प्रार्थना म्हणत नाही, ओठ मिटून उभा राहतो. शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर शाळेत नसतो. दप्तरात एक लहान पुस्तक असतं, कुणी जवळ आलं की लपवतो. पूर्वी हसायचा, आता हसत नाही. त्याची कुणा नव्या माणसाशी ओळख झाली आहे का? तुझ्याकडे अकोल्याला येतो, तेव्हा कुणाला भेटतो? मामा म्हणून तुला ठाऊक असेल.

मी त्याला विचारणारच होतो. पण वर्गात विचारावं तर इतरांसमोर होईल, आणि घरी जावं तर हलीमाबी घाबरेल. म्हणून तुलाच लिहितो.

संध्याकाळी देवळासमोर सामुदायिक प्रार्थना नेहमीसारखी होते. तुझे वडील भजनाला वाजवायचे ती खंजिरी मंडळानं अजून जपून ठेवली आहे.

शालिकराम


अकोला
९ सप्टेंबर २००६

शालिक,

तुह्यं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर दिलं नाई, कारन राग आला होता. रागात लिवलं का माहा शिलाईचा टाकाबी वाकडा जाते, म्हनून थांबलो.

तू जाकिरच्या जनाज्याले खांदा दिला. कब्रस्तानापर्यंत तू होता. माती देतानी तू फरदीनच्या मांगं उभा होता. मंग शुक्रवारी पोरगं कुठं जाते, हे मले इचारून राहिला?

बापाच्या कबरीवर जाते. ते लहान पुस्तक मी देल्लं. यासीन शरीफ आहे, मेल्या माणसासाठी वाचतात. त्याले अरबी वाचता येत नाई, तुह्या शाळेचं मराठी येते, म्हनून देवनागरीत छापलेलं शोधून आनलं. कोनीबी उघडून वाचू शकते. पोरं हसतीन म्हनून लपवते. प्रार्थना म्हनत नाई, कारन तोंड उघडलं का रडू येते, अन् मंत्र्यायसमोर रडाची त्याले लाज वाटते.

चार नोंदी झाल्या. त्या लिवनाऱ्यानं एकदा तरी इचारलं का त्याले? तू तरी?

मंत्री कोन झाला ते तू लिवलं नाई.

अय्युब


कवठखेड
२४ सप्टेंबर २००६

प्रिय अय्युब,

तुझं पत्र मला तेरा तारखेला मिळालं. बाराला व्हायचं ते होऊन गेलं होतं. हलीमाबीनं कळवलं असेल, तरी माझ्या हातानं लिहिणं मला भाग आहे.

त्या आठवड्यात बॉम्बस्फोटाची बातमी पेपरात होती. केशवराव घाबरले. वही घेऊन ते स्वतः ठाण्यात गेले. "उद्या काई झालं त लोक म्हनतीन, मालूम असून दाबलं," असं मला नंतर म्हणाले. बारा तारखेला दुपारी दोन शिपाई आले. फरदीनला वर्गातून बोलावलं, ऑफिसात टेबलावर त्याचं दप्तर रिकामं केलं. वह्या, कंपास, फडक्यात बांधलेली भाकर आणि ते पुस्तक. शेजारी सलोखा वही उघडीच होती. पुस्तकावर चंद्र आणि तारा पाहून शिपायानं ते बाजूला ठेवलं. कुणी उघडलं नाही, अय्युब. मी तिथे होतो. मीही उघडलं नाही.

मला विचारलं, "सर, तुमी ओयखता काय याले?" मी म्हणालो, "आमचा विद्यार्थी आहे." एवढंच. फरदीन माझ्याकडे पाहत होता. मी अजून काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. जाकिरचा मुलगा आहे, मी याच्या बापाला खांदा दिला आहे, हेही सांगता आलं असतं. केशवराव समोर होते. मी नाही सांगितलं.

संध्याकाळी सोडलं. मारलं नाही, दटावलंही फारसं नाही. हलीमाबी ठाण्याच्या पायरीवर बसून होती. मी गेलो तर तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत तिनं माझ्यासमोर तोंड फिरवलेलं मला आठवत नाही.

तेव्हापासून फरदीन शाळेत आला नाही. तुझ्याकडे आहे असं कळलं. त्याला पाठव. दहावीचं वर्ष आहे. वहीत कुणी लिहिलं याला आता अर्थ नाही, मुलंच ती. चूक माझी आहे.

शालिकराम


अकोला
१० ऑक्टोबर २००६

शालिक,

रमजान चालू आहे. पोरगं रोजे ठेवते अन् दुकानात बसून काज-बटन करते. बोट चांगले आहेत त्याचे. बोलत नाई.

माहीबी चूक लिवून ठेव. राग धरून दहा दिवस पत्र टाकलं नाई. तवाच टाकलं असतं, त तू त्या टेबलापाशी काई बोलला असता का? मी रोज स्वतःले इचारतो. बोलला असता असं धरून चालतो, नाई त झोप येत नाई.

आता खरी गोष्ट. आठ दिवसांपासून दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर, दोन जवान पोरं दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. कपडे साफ, जबान मीठी. फरदीनले म्हनतात, "जो तेरे साथ हुआ, वो सबके साथ हुआ है." मी हटकलं त हसले, "चाचा, हम तो बच्चे का ग़म बाँट रहे." महिन्याभरात पोरगं माह्याशी बोललं नसन तेवढं त्यायच्याशी बोलते. कुठं तरी अभ्यासाले न्यायची गोष्ट करतात. कशाचा अभ्यास, ते सांगत नाईत.

शालिक, तू ज्याचा शोध घेत होता ते पोरात तवा नव्हतं. आता कोनी तरी पेरून राहिलं, अन् वखरून ठेवलेलं वावर त्यायले तुह्या शाळेनं देल्लं.

काल मी फरदीनले म्हनलं, "शाळेत जाय. मास्तरनं बलावलं." तो म्हने, "मामू, ज्यानं लिवलं त्यानं यावं. माह्या तोंडावर म्हनावं का म्या चुकीचं लिवलं. मंग पाहू." एवढंच मांगते पोरगं. शिपाई नको, हेडमास्तर नको.

कोन होता तो? नाव लिव. मी स्वतः येऊन त्याच्या हाता-पाया पडतो.

अय्युब


कवठखेड
२ नोव्हेंबर २००६

प्रिय अय्युब,

तुम्हा सर्वांना ईद मुबारक, उशिरा. यंदा दिवाळी आणि ईद लागोपाठ आल्या. तुझ्या वहिनीनं, कौसल्येनं, फराळाचा डबा हलीमाबीकडे धाडला होता. डबा परत आला, धुऊन, रिकामा. फराळ ठेवून घेतला की वाटून टाकला, कळलं नाही.

फरदीनचा परीक्षेचा फॉर्म मी भरला आहे. फोटो गेल्या वर्षीचा लावला. पटावरचं नाव कापू दिलेलं नाही. ती वही मी बंद करवली. त्यानं फक्त येऊन पेपर द्यावेत.

नावाचं म्हणशील, तर नाव सांगून काय होणार? तोही पंधरा वर्षांचा आहे. एका मुलाचं झालं ते पुरे, दुसऱ्याला कशाला उभं करायचं? तू समजून घेशील.

शालिकराम


कवठखेड
३ डिसेंबर २००६

अय्युब,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. कारण मला माहीत आहे.

तो नितेश होता.

ऑगस्टपासून तीन पत्रं लिहिली आणि प्रत्येकात हे नाव गाळलं. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा वाटलं, स्वतःच्या मुलाची बढाई कशाला. मग नोंदी आल्या तेव्हा वाटलं, तुला वाईट वाटेल. मग ती बारा तारीख झाली, आणि नंतर लिहायचं धैर्यच उरलं नाही.

परवा कौसल्या त्याची पेटी आवरत होती. तळाशी दुसरी वही मिळाली. सलोखा वहीचीच नक्कल, पण पुढे वाढवलेली. शाळेतल्या एकतीस मुसलमान मुलामुलींची नावं, घर कुठे, बाप काय करतो. आठवीतल्या उज्माचंही नाव होतं, जिची तक्रार आजवर कुणी केली नाही. तो अमरावतीला शिकवणीला जातो, तिथे सकाळी कुणी मोठी मुलं धर्मरक्षणाचे वर्ग घेतात. त्यांनी मागितली म्हणून लिहीत होता. मला वाटायचं, लवकर उठतो, व्यायाम करतो, पोर शिस्तीचं झालं. गळ्यात लॉकेट आलं तेव्हाही मी देवाधर्माचं लक्षण समजून समाधान मानलं.

मी त्याला विचारलं, "हे काय आहे?" तो घाबरला नाही. म्हणाला, "बाबा, तुमीच त सांगतलं होतं, नजर ठेवा म्हनून."

मी हात उचलला होता. खाली घेतला. मारणार कुणाला?

वही चुलीत घातली. एक प्रत तिकडे आधीच गेली आहे, म्हणतो. ती कुठे आहे, मला माहीत नाही. आठ दिवस झाले, मी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेलो नाही. सगळ्यांचं भलं कर असं म्हणायला बसायचं आणि सगळे म्हणजे कोण, हेच पोराला शिकवलेलं नसायचं.

शालिकराम


अकोला
१० डिसेंबर २००६

शालिक,

मले मालूम होतं.

फरदीननं पहिल्याच दिवशी सांगतलं. टेबलावर वही उघडी होती ना? पाच वर्षं एका बाकावर बसून ज्याच्या वहीतून गनित उतरवलं, त्याचं अक्षर तो ओळखनार नाई? मले म्हने, "मामू, नित्याचा 'फ' होता."

म्या मुद्दाम इचारलं नाव. तुह्यं दर पत्र फोडलं का आधी खालून वरपर्यंत तेच पाहो. नसलं का पत्र मशीनच्या पेटीत टाको. ईदनंतरच्या पत्रातबी नव्हतं, तवा ठरवलं, आता या मास्तरले लिवायचं नाई. तू दोस्त म्हनून चुकला ते मी माफ केलं असतं. तू बाप झाला अन् मले मामा राहू देल्लं नाई, त्याचा राग होता.

आता लिवलं, तवा ऐक. बकरी ईद झाली का ते दोघं फरदीनले घेऊन जानार आहेत. कुठं, ते हलीमालेबी सांगतलं नाई. पोरानं पिशवी भरून ठेवली. मी कोंडून ठेवू शकत नाई.

नितेशले घेऊन ये. वहिनीले म्हना, काई होनार नाई त्याले. माह्या दुकानात कोनी त्याच्यावर हात उचलनार नाई, ही माही जबान.

अय्युब


अकोला
६ जानेवारी २००७

शालिक,

तुमी चोवीस तारखेले आले अन् पंधरा मिनिटांत गेले. तू तोंड लपवून रस्त्यावर उभा होता, म्हनून आत काय झालं ते तुले पूरं मालूम नाई. पोरगं सांगनार नाई. मी सांगतो.

फरदीन मशीनवर होता. नितेश उंबऱ्यात आला. लॉकेट नव्हतं, तू काढायले लावलं असशीन. मंग नितेश म्हने, "चाल न बे. पेपर आहेत."

फरदीननं पाय थांबवला. म्हने, "तू आला, का बाबानं आनलं?"

मले वाटलं पोरगं खोटं बोलन. बोलला असता त सोपं होतं. नितेश खाली पाहून म्हने, "बाबानं आनलं."

"मंग जाय." एवढं म्हनून फरदीननं मशीन चालू केली. नितेश जरासा थांबला, कापडाच्या गठ्ठ्याले हात लावला, अन् उतरून गेला.

संध्याकाळी पोरगं मले म्हने, "खरं बोलला साला." अन् हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मंग रडला. रडू देल्लं.

ईदच्या तिसऱ्या दिवशी ते दोघं आले, गाडी घेऊन. पिशवी तयारच होती. फरदीन पायरीवर आला अन् त्यायले म्हने, "नितेशले त्याच्या बाबानं आनलं. मले शिपायानं नेलं. आता तुमी न्यायले आले. माह्या पायानं मले कोनीच चालू देत नाई काय?" ते लय बोलले. कौमची इज्जत, गैरत, काय काय. हा आत येऊन शर्टाची कॉलर उलटवत बसला. गाडी गेली. परत आले नाईत.

म्हनून तुह्या पोराचे उपकार मानतो. माफी मांगितली असती त कदाचित शाळेत गेला असता. खरं बोलला, म्हनून निदान तिकडे गेला नाई.

शाळेचं मी पुन्हा काढलं होतं. नाई म्हनते.

अय्युब


कवठखेड
१८ मार्च २००७

प्रिय अय्युब,

मराठीचा पेपर होता त्या दिवशी सकाळी सात वाजता मी एस. टी. थांब्यावर जाऊन उभा राहिलो. अकोल्याकडून येणारा प्रत्येक प्रवासी उतरताना पाहिला. दहाला परत आलो. मला माहीत होतं तो येणार नाही. तरी गेलो. पुढच्या पेपरालाही गेलो.

आसन क्रमांक नावाच्या क्रमानं असतात. खाननंतर खारोडे. नितेशच्या पुढचा बाक सहाही पेपरांना रिकामा होता, नंबरची चिठ्ठी डकवलेली. शेवटच्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. कौसल्येला म्हणाला, "आई, ती चिठ्ठी कोनी काढलीच नाई." सकाळच्या वर्गाला त्यानं जाणं सोडलं आहे. सुटला का, ते मी आता खात्रीनं सांगत नाही. मी खात्री बाळगणं सोडलं आहे. पण त्याच्याशी रोज बोलतो. तो फार उत्तरं देत नाही. मी नजर ठेवत नाही, फक्त शेजारी बसतो.

केशवरावांना सांगितलं, पुढल्या वर्षी मंत्रिमंडळ मी घेईन, पण वही नाही. भांडण झालं तर दोन्ही पोरं समोरासमोर बसतील आणि मी मधे बसेन. ते म्हणाले, "अन् वरून इचारलं तर?" मी म्हणालो, "माझं नाव लिहा."

प्रार्थनेला जाऊ लागलो आहे. मागे बसतो.

बिल्ले यंदा मागत नाही. मागायचं तोंड नाही.

शालिकराम


अकोला
१२ जुलै २००७

शालिक, सलाम.

न मांगता पार्सल टाकलं. माठात बिल्ला बुडवनारा मी होतो, तू नाई, म्हनून हा वादा माहा आहे. तुह्या तोंडाचा संबंध नाई.

यंदाचे सगळे बिल्ले फरदीननं शिवले. पाणीमंत्री, अन्नमंत्री, सारे. पिवळा धागा, अक्षर माह्यापेक्षा सरस. दहावा शिवायले घेतला तवा मी पाहून राहिलो होतो. पांढरं कापड कापलं, किनार घातली, मांगं पिन लावली. अक्षरं घातलीच नाई. मी इचारलं, "यावर काय लिवायचं?"

म्हने, "काई नाई मामू. लिवनं झालं तेवढं पुरे."

कोरा आहे म्हनून फेकू नको. ज्याच्या छातीवर लावायचा त्याच्या लाव.

दर महिन्याच्या एका शुक्रवारी तो गावाले येते, बापाच्या कबरीवर. पुस्तक आता लागत नाई, पाठ झालं. थांब्यावरून कब्रस्तानाकडे जातानी तुह्या शाळेच्या कुंपनाजवळून जाते. मधली सुट्टी असते तवा. दिसला त हाक मारू नको, नितेशलेबी सांग. एखाद्या शुक्रवारी तोच थांबन. नाई थांबला त जाऊ दे.

तुहा
अय्युब